दाताला जिना कळत नाही

डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत कळ यायची,
तीही नेमकी टाकीच्या लोखंडी जिन्यावर,
बासष्ट पायऱ्यांतल्या चाळिसाव्या पायरीला.
वर पोचून कठडा धरून उभं राहिलं
की निघून जायची,
न जेवता गेलेल्या पाहुण्यासारखी.

लवंग धरली. मिठाच्या गुळण्या केल्या.
मोतालिबने जबड्याला मोहरीचं तेल चोळलं.
कॅम्पात प्रत्येकाकडे एक औषध असतं
आणि सुट्टी कुणाकडेच नसते.

सहाव्या शुक्रवारी जुबैलच्या बाजारात
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.
म्हटलं, काढून टाका एकदाची.
त्यांनी आरसा घातला, दाढ ठोकून पाहिली.
कधी दुखते?
जिना चढताना.
त्यांनी हातमोजे काढून ठेवले.
माझ्या तुटक्या अरबीत मावलं तेवढंच समजलं:
दाताला जिना कळत नाही.

इस्पितळात नर्सने पुकारलं, मुकादम!
चार जण वळून बघायला लागले, साहेब कोण म्हणून.
आडनाव मुकादम, हुद्दा फिटर.
पडल्या पडल्या काढलेली पट्टी अगदी साफ निघाली.
मग छातीला तारा लावून पट्ट्यावर चालवलं,
पट्टा हळूहळू चढण झाला.
सहाव्या मिनिटाला दाढ बोलली
आणि त्याच घटकेला
पडद्यावरची रेघ खाली बसली.
दोघांची जबानी एकच.

मनगटातून तार घातली. मी जागाच होतो.
डॉक्टर मुतासिम खार्तूमचे. म्हणाले,
तुम्ही पाइपवाले ना? हेही तेच काम.
तेच कसं?
एकवीस वर्षं मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर आहे.
आमच्या पाइपात खार धरतो तो आतल्या अंगाला,
आम्ल फिरवलं की रात्रीत कोरा.
ते म्हणाले, इथे भिंतीच्या पोटात साचलंय,
भिंतच झालंय ते आता.
खरवडता येत नाही. दाबून बसवायचं, जाळी लावायची,
आणि गोळ्या रोज.
किती दिवस?
जितके दिवस पाणी हवंय तितके.

त्या रात्री थोरला भाई आठवला.
दोहात गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी.
खोलीतले म्हणाले, जेवला, पित्त झालंय म्हणाला,
सोडा प्यायला, झोपला.
आम्ही मुंबईहून पेटी घेऊन खेडला आलो.
कुणी म्हणालं, चांगलं मरण आलं, कुणाला तसदी नाही.
मीही मान हलवली होती.

भाईलाही जिना होता.
चार मजले, लिफ्ट नादुरुस्त.
त्याला कुणी विचारलं होतं का,
कधी दुखतं?

जुलेखाला अजून अर्धंच सांगितलंय.
पण सुफियानला फोन केला:
उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जा, रक्त दे.
अब्बा, मला काय झालंय? मी रोज क्रिकेट खेळतो.
काकाही खेळायचा, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

आता मनगटावर एक तिळाएवढी खूण आहे,
घड्याळाखाली दिसतही नाही.
बिड्या मोतालिबला देऊन टाकल्या,
मग चूक कळली, परत मागून घेतल्या
आणि कचऱ्यात टाकल्या. तो दोन दिवस बोलला नाही.
डाळीत मीठ कमी, म्हणून सगळी खोली नाराज.
चाळिसाव्या पायरीवर मी आजही थांबतो.
दुखत नाही. नुसता कान देतो.

काल मोतालिब छाती चोळत बसला होता.
कधी दुखतं?
जेवल्यावर, दादा. फक्त जेवल्यावर.
मग पित्तच असेल, म्हटलं,
आणि त्याच्या चपला त्याच्यापुढे सरकवल्या.